प्रतिसाद: प्रश्नमंजूषेत फाशी आणि राष्ट्रपती
सर, तुम्ही नववीच्या प्रश्नमंजूषेत फाशी आणि दयेच्या अर्जांवर एक फेरी ठेवली आहे. त्यावरचा 'नववीच्या प्रश्नमंजूषेत फाशी कशाला?' हा आक्षेप मला पटत नाही. नाशिकची पोरं अनंत कान्हेरे मैदानावर क्रिकेट बघतात. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात नाशिकचा ब्रिटिश कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडणारे कान्हेरे १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले, हे त्यांना कळायलाच हवं.

माझी तक्रार वेगळी आहे. 'कोणत्या राष्ट्रपतींनी सर्वाधिक दयेचे अर्ज फेटाळले?' हा फेरीतला प्रश्न म्हणजे नुसता धावफलक. त्याऐवजी विचारा: दयेच्या अर्जाचं राष्ट्रपती एकट्याने ठरवतात का? नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ मधला हा दयेचा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायचा असतो. फार तर सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो. राष्ट्रपती कलामांच्याच काळात २००४ मध्ये एक अर्ज फेटाळला गेला, २००६ मध्ये दुसऱ्याची फाशी जन्मठेपेत बदलली. आणि २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विसरू नका: अर्जावर अवाजवी विलंब झाला तर फाशी रद्द होऊन जन्मठेप होऊ शकते. यावर मुलं तावातावाने भांडतील, भांडू द्या.

बझर मात्र या फेरीपुरता काढा, सर. गटाला दोन मिनिटं बोलू द्या, मग उत्तर घ्या.