बाबा म्हन्तात रेशनले अंगठा लावू नको, सरकारच खोटं आहे. काय करू?

वावरवाला_यवतमाळ:
मंडळी हासू नका. आमच्या गावात दिवाळीपासून एक जन बैठका घेऊन रायला, म्हने इंग्रजायनं देश ९९ वर्साच्या लीजवर घेतलता, लीज १९६९ ले संपली, आता खरे मालक आपनच. ५०० रुपयात लॅमिनेशनचं कार्ड देते, त्याच्यावर लाल शाईचा अंगठा. बाबानं घेतलं. तवापासून लाईट बिल बंद, रेशनची केवायसी नाही, पीएम किसानचा २००० चा हप्ता बी अटकला. काही म्हटलं तं शंभरचा जुना स्टॅम्प पेपर काढतात, "वाच, इंडिया नॉन ज्युडिशियल! सरकार सोताच लिहून देऊन रायलं का ते खरं नाही." याच्यावर काय बोलाव?

टपरीवर_बसलेला:
त्या कार्डावर पेट्रोल भेटते का बे? मले बी एक सांग.

दस्तलेखक_भाऊ:
हासन्यावारी नको नेऊ. मथुरेच्या जवाहर बागेतल्या लोकायची मागनी हेच होती, १ रुपयात ६० लिटर डिझेल. दोन दिवसाचं म्हनून आले अन् दोन वर्स बसले, जून २०१६ मंदी पोलीस काढाले गेले तं दोन पोलीस अधिकाऱ्यायसकट कितीतरी मेले.
बाकी स्टॅम्पाचं सोपं आहे. कोर्टाच्या फीचा स्टॅम्प ज्युडिशियल. खरेदीखत, भाडेपट्टा, कोर्टाबाहेरचे कागद नॉन ज्युडिशियलवर. बस एवढंच. १९४७ च्या स्वातंत्र्य कायद्यात लीज-बीज काही नाही. अन् लाईट बिल आधी भर, २००३ च्या वीज कायद्यात कलम ५६ आहे, १५ दिवसाची लेखी नोटीस देऊन लाईन कापतात, कार्ड कोनी पाहत नाही.
हे आपल्याकडंच नाही, अमेरिका-कॅनडात बी असेच कागद विकतात. कॅनडात अल्बर्टा प्रांताच्या जज रूकनं २०१२ मंदी अशा कागदायवर लांबलचक निकाल लिहिला, विकनाऱ्यायले त्यानं 'गुरू'च म्हटलं. पैसे गुरूचे, दंड चेल्याले.

धानोरा_कडचा:
भाऊ, बाबावर चिडू नको. अर्धं खरं असते म्हनून पटते ना. पेसा (आदिवासी भागात ग्रामसभेले अधिकार देनारा) १९९६ चा, वनहक्क २००६ चा, हे खरेच कायदे आहेत. आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाले २००९ मंदी सामूहिक वनहक्क भेटला, "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हननारं गाव ते! पन ग्रामसभेत बसून, दावा भरून, पुरावे जोडून घेतला. कोनं ५०० रुपये नाही मांगतले.

वावरवाला_यवतमाळ:
बिल भरलं कालच, बाबाले न सांगता. मंग रातच्याले आपल्या वावराचं खरेदीखत काढलं, आज्यानं घेतलेलं, अन् वरच्या अंगाले बोट ठेवलं. तेच तीन शब्द. म्हटलं बाबा, मंग हे वावर बी आपलं नाही का? बाबा काहीच बोलले नाही. कागद उलटापालटा केला, दिव्याजवळ नेला, मंग म्हने, "चष्मा आन."