मदत हवी आहे: दाव्यात प्रतिवादी म्हणून भलत्याच माणसाचे नाव गेले

नमस्कार. आम्ही फोंडा तालुक्यातले. बाबांचे ग्रिल आणि पत्र्याच्या शेडचे छोटे वर्कशॉप आहे. २०२२ च्या चवथीआधी, ऑगस्टमध्ये, शेजारच्या गावात एका घराला शेड आणि गेट करून दिले. १ लाख ४० हजार येणे आहे. ‘देतो, देतो’ करत त्या माणसाने दिवस काढले. शेवटी मे २०२५ मध्ये वसुलीचा दिवाणी दावा घातला.

घोटाळा इथेच झाला. कोटेशनवर फक्त नाव आणि आडनाव, बापाचे नाव नाही. दावा लिहिताना ते मतदार यादीतून घेतले. त्या वाड्यावर त्याच नावाचे दोन चुलतभाऊ आहेत, दोघांनाही आजोबांचेच नाव ठेवलेले. समन्स गेले दुसऱ्याकडे. ते निवृत्त मास्तर. दुसऱ्याच दिवशी बसने आमच्या घरी आले, कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणलेला. दारातूनच म्हणाले, “माझ्या घराला अजून लाकडी फाटक आहे, येऊन बघा.” बाबांना मान वर करवेना. चूक आमची आणि कोर्टाची पायरी त्यांनी चढायची, हे मला फार लागले आहे.

वकील म्हणतात दुरुस्तीचा अर्ज करू, पण ऑगस्ट २०२५ मध्ये ३ वर्षांची मुदत संपली, समोरचा हरकत घेणार. ही नुसती नावातली चूक धरतात की माणूसच चुकला असे धरतात? आणि मास्तरांना लवकर मोकळे कसे करायचे?

प्रतिसाद:
सगळे तुमच्या पहिल्या प्रश्नावरच अवलंबून आहे. माणूस तोच, पण नाव किंवा बापाचे नाव चुकले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १७ खाली दावा दुरुस्त होतो आणि मुदत सहसा आड येत नाही. माणूसच दुसरा असेल तर आदेश १ नियम १०: एकाला वगळायचे, दुसऱ्याला आणायचे. तेव्हा मुदत कायद्याचे कलम २१ लागते. नवा प्रतिवादी ज्या दिवशी पक्षकार झाला त्याच दिवशी त्याच्याविरुद्ध दावा दाखल झाला असे धरतात. चूक सद्भावनेने झाली हे कोर्टाला पटले, तर आधीची तारीख लागू करता येते. दाव्यातला पत्ता कोणाचा आहे ते आधी बघा.

मास्तरांना समन्सकडे दुर्लक्ष करू नका म्हणावे, कैफियतीला, म्हणजे लेखी उत्तराला, ३० दिवस असतात. त्यांना वगळण्याचा अर्ज तुम्हीच द्या. कोर्टाने खर्च बसवला तर कुरकुर न करता भरा, त्यांचा तेवढा हक्क आहे.

काम झाल्यावर त्या माणसाने चेकने काही दिले होते का? किंवा बाकी मान्य करून सही केलेला कागद? मुदतीच्या आतला असेल तर कलम १८, १९ प्रमाणे ३ वर्षे तिथून पुन्हा मोजतात.

धागाकर्ता:
पत्ता मास्तरांचाच आहे, यादीतून उचललेला. पण पासबुकात १६ जानेवारी २०२३ ला त्याचा २० हजारांचा चेक जमा आहे! बाबांनी वकिलांना फक्त राहिलेला आकडा सांगितला होता, चेकचे बोललेच नाहीत.

प्रतिसाद:
मग माणूसच चुकलाय, आदेश १ नियम १० च. पण जानेवारी २०२६ पर्यंत वेळ आहे. अर्ज देऊन भागत नाही, त्याला पक्षकार करण्याचा हुकूम त्याआधी व्हायला हवा, म्हणून याच आठवड्यात द्या. हुकूम लांबतोय असे दिसले तर तारखेआधी त्याच्यावर स्वतंत्र दावा घाला. चेकचा उल्लेख दाव्यात यायलाच हवा, आदेश ७ नियम ६. त्याच्या सहीच्या चेकची प्रत बँकेकडे आजच मागा, नुसत्या पासबुकातल्या नोंदीवर त्याची सही नसते.

धागाकर्ता:
मनापासून आभार. सकाळी आधी बँक, मग वकील. पुढच्या तारखेला मास्तरांना आणायला मीच गाडी घेऊन जाणार आहे, त्यांना बसने येऊ देणार नाही.