शब्दचर्चा: मॅक्रो म्हणजे सूक्ष्म?

भिंगधारी: उड्या मारणाऱ्या कोळ्याचं एक छायाचित्र मासिकाला दिलं होतं. पुढचे दोन मोठे डोळे चौकट भरून. चित्राखालच्या ओळीत लिहिलं होतं 'मॅक्रो छायाचित्रण', छापून आलं 'सूक्ष्मछायाचित्रण'. संपादकांचं म्हणणं, मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला? मराठी शब्द मलाही हवाच आहे, पण हा नको. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून काढतात ते सूक्ष्मछायाचित्रण. मॅक्रोत कोळ्याची प्रतिमा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढी उमटते, १:१. शिवाय ग्रीक 'माक्रोस' म्हणजे लांब, मोठा. मग आपण नेमका उलटा शब्द का घ्यायचा?

शब्दवेडी: अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मायक्रोला सूक्ष्म आणि मॅक्रोला स्थूल म्हणतात. 'स्थूल छायाचित्रण' म्हटलं तर कोणाला काही कळणार नाही. (त्याच विषयातले अंशलक्षी आणि समग्रलक्षी हे शब्द मला फार आवडतात, कारण त्यात नजर आहे.) इथे 'निकटचित्रण' म्हणा.

सरळबोला: निकट कशाला निकट? लांब पल्ल्याच्या लेन्सने दुरूनही वाघाचा चेहरा चौकटभर काढता येतो. तो क्लोजअप झाला, मॅक्रो नाही. फरक अंतराचा नसून प्रमाणाचा आहे. ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर ३६ मिलिमीटरचा प्राणी काठोकाठ बसला की १:१. आणि ग्रीकचं म्हणाल, तर निकॉन आपल्या असल्या लेन्सवर 'मायक्रो' लिहितं, कॅनन 'मॅक्रो'. बनवणाऱ्यांचंच एकमत नाही. मॅक्रो ठेवा, लोकांना कळतो. जॅझचं कुठे कोणी भाषांतर केलं?

षड्जपंचम: जॅझचं नाही केलं, पण त्यातल्या इम्प्रोव्हायझेशनचं करावं लागतं, आणि मी तिथेच अडकलो आहे. एका लेखाच्या अनुवादात 'उत्स्फूर्त वादन' लिहिलं. सॅक्सोफोन वाजवणारा मित्र नाराज झाला. म्हणाला, बारा बारच्या (म्हणजे तालाच्या बारा खंडांच्या) ब्लूजमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, ठरलेले असतात, चक्र पुन्हापुन्हा फिरतं, वाजवणारा त्यावर नवं रचतो. त्यामागे वर्षांचा रियाज असतो, उत्स्फूर्त म्हटलं की तो पुसला जातो. मला वाटतं आपल्याकडे नेमका शब्द आहे: उपज.

शब्दवेडी: उपज म्हणजे पीक, उत्पन्न. वाचक शेतीत जाईल.

षड्जपंचम: जाऊ दे ना! आतून उगवलेलं, हाच तर अर्थ. 'उपजत' आपण रोज म्हणतो. मी गाणं शिकताना एकदा पाठ केलेल्या ताना एकामागोमाग एक घेतल्या. गुरुजी शांतपणे म्हणाले, "हे सगळं मी दिलेलं. तुझी उपज कुठाय?" त्यानंतर मला या शब्दाची फोड कोणाकडून करून घ्यावी लागली नाही.

सरळबोला: पण उपज रागाच्या चौकटीतली. जॅझला ती लावली की वाचक तिथे राग शोधणार. लॅटिन मुळात 'आधी न पाहिलेलं' एवढंच आहे. 'आयत्या वेळी रचलेलं' म्हणा, लांब पडलं तरी चालेल.

शब्दवेडी: 'आयत्या वेळी' म्हटलं की तयारी न करता केलेलं वाटतं. तुमच्या मित्राची तक्रार तिथेही उरतेच.

भिंगधारी: मला उपज पटते. कोळी पुढच्या क्षणी कुठे उडी मारेल सांगता येत नाही, आणि १:१ला फोकसमध्ये स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम मिलिमीटरभराचा. कॅमेऱ्याची मांडणी ठरलेली असते, बाकी सगळं त्या क्षणी हातातून येतं. पण मासिकाला दुरुस्ती कळवायची आहे. 'प्रमाणचित्रण' कसं वाटतं?

सरळबोला: नकाशासारखं.

शब्दवेडी: 'भिंगचित्रण'! भिंग हा शब्द भृंगावरून आला असणार, भुंग्याच्या डोळ्यासारखं चकाकतं म्हणून. कीटकांच्या छायाचित्राला याहून शोभणारा शब्द नाही.

सरळबोला: भुंग्याला भिंगात बसवायला आधार काय? ध्वनी जुळले म्हणजे कुळ जुळत नाही. आणि भिंग तर प्रत्येकच कॅमेऱ्यात असतं.

षड्जपंचम: जाता जाता, जॅझमधला शेवटचा झ 'माझा'तला म्हणायचा की 'झेंडा'तला? मी 'माझा'तला म्हणतो. १९१७ च्या पहिल्या जॅझ ध्वनिमुद्रिकेवर वाद्यवृंदाच्या नावात तर 'जास' होतं.

शब्दवेडी: 'माझा'तलाच. पण मग 'जाझ' लिहिणाऱ्यांचं काय करायचं? मी लहानपणापासून तसंच वाचत आले आहे.