परळ भागात अडीच महिन्यांसाठी फ्लॅट हवा आहे (आईचे टाटामध्ये उपचार)

मांजराकाठ
नमस्कार. आम्ही लातूरचे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून आईचं टाटा हॉस्पिटलमध्ये रेडिएशन आणि सोबत केमो सुरू होणार आहे. डॉक्टरांनी साधारण अडीच महिने मुंबईतच राहायला सांगितलंय. आई, मी आणि आळीपाळीने बाबा किंवा भाऊ, असे तिघं असू. वन बीएचके, स्वतंत्र बाथरूम, कमोड आणि स्वयंपाकाची सोय एवढं हवंच, कारण आईला बाहेरचं खाणं चालणार नाही. भाडं पस्तीस हजारांपर्यंत जमेल. एजंट अकरा महिन्यांशिवाय बोलत नाहीत, आणि जे बोलतात ते आधी पैसे पाठवा म्हणतात. कुठे बघावं आणि करार कसा करावा?

शिवडी_नाका
ताई, घर शोधण्याआधी एक विचारून घ्या: रेडिएशन परळलाच होणार की खारघरला? टाटाचंच अ‍ॅक्ट्रेक हे दुसरं केंद्र खारघरला सेक्टर २२ मध्ये आहे आणि उपचारांसाठी काही रुग्णांना तिकडे पाठवतात. रेडिएशन साधारणपणे आठवड्यातले पाच दिवस असतं. परळला घर घेऊन रोज खारघरची ये-जा आईंना झेपणार नाही. खारघर ठरलं तर तिकडे नव्या, लिफ्टच्या इमारतीही बऱ्याच मिळतील.

परळ ठरलं तर भोईवाडा, नायगाव, शिवडी हा पूर्वेचा पट्टा बघा. भोईवाड्यातून हॉस्पिटल चालत गाठता येतं, शिवडीहून टॅक्सी पुरते. पश्चिमेला प्रभादेवीत जरा बरी घरं दिसतील, पण परळ आणि प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टनचा जुना पूल पाडकामासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झालाय. गाडीने वळसा किती पडतो ते स्वतः जाऊन बघा, मगच तिकडचं घर धरा.

आणि लालबाग, चिंचपोकळी या वेळी टाळा. तुमच्या मुक्कामातच गणपती येतायत. त्या दहा दिवसांत तिथल्या गल्ल्यांतून रुग्णाला घेऊन गाडी काढणं फार अवघड जातं. मी स्वतः याच भागातली आहे, गणपती मला जीव की प्राण आहेत, तरीही हेच सांगेन.

दूरचा_प्रवासी
डोंबिवली किंवा कल्याणला बघितलं तर याच पैशांत टू बीएचके मिळेल. परळ स्टेशन मध्य रेल्वेवरच आहे. कॅन्सरच्या रुग्णांना लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं.

भोईवाडा
डब्यात बसता येतं हे खरं, पण केमो चालू असताना रोजचा लोकलचा प्रवास नकोच. पांढऱ्या पेशी कमी झाल्या की गर्दीतून संसर्ग होण्याची भीती असते. खोली लहान असली तरी चालेल, अंतर कमी हवं. रात्री ताप आला तर पंधरा-वीस मिनिटांत कॅज्युअल्टी गाठता आली पाहिजे. माझ्या वडिलांच्या वेळी जवळच्या घराचा जेवढा आधार झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

घर बघताना: लिफ्ट चालू आहे का आणि वीज गेल्यावर तिला बॅकअप आहे का. पाणी टाकीतून चोवीस तास येतं की फक्त महापालिकेच्या वेळेपुरतं. बाथरूमच्या दाराशी उंबरा किती उंच आहे. हिंदमाता परिसरात तळमजला नको, जोरदार पाऊस आणि भरती एकत्र आली की तिथे पाणी साचतं. शक्यतो पाऊस पडत असतानाच घर बघा, ओल लगेच दिसते.

करारनामा
मी भाडेकरारांचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अकरा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा करार होत नाही, असं एजंट सांगतात. ते चुकीचं आहे. लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे नेहमीचा भाडेकरार) तीन-चार महिन्यांचाही होतो. कमी मुदतीला नोंदणी लागत नाही, हेही चूक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही तर वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मालक का-कू करत असतील तर हे त्यांना शांतपणे सांगा.

खर्चही मोठा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के दराचं व्याज मिळवतात. तीन महिने पस्तीस हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरलं तर शुल्क तीनशे रुपयांच्या आत येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणी आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या होते. करार तुमच्या किंवा भावाच्या नावावर करा, म्हणजे आईंना त्यासाठी बसावं लागणार नाही. पोलिसांना भाडेकरूची माहितीही ऑनलाइन देता येते, ती मालकाकडून नक्की भरून घ्या.

मुदत अडीच महिने लिहू नका. रक्ताचे रिपोर्ट खाली गेले की उपचार पुढे ढकलले जातात. चार महिन्यांचा करार, लॉक-इन (ठरावीक काळ घर न सोडण्याची अट) नाही, तुमच्याकडून पंधरा दिवसांची नोटीस, आणि चावी दिली त्याच दिवशी डिपॉझिट परत, असं लिहून घ्या. मालक अकरा महिन्यांवर अडलेच तर तोही चालेल, मात्र लॉक-इन काढायला लावा आणि आपण लवकर जाणार हे त्यांना आधीच सांगा. दलालीवरही बोला. अकरा महिन्यांना साधारण एक महिन्याचं भाडं घेतात. कमी मुदतीला पंधरा दिवसांचं मागून बघा, बरेच जण मानतात.

या भागात पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन जुन्या भाडेकरूने कायमच्या घेतलेल्या) खोल्या पुष्कळ आहेत. तुम्हाला खोली देणारा स्वतःच भाडेकरू असेल तर मूळ मालकाची लेखी संमती बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या) घरांनाही ठरावीक वर्षं भाड्याने देण्यावर बंधन असतं. वीजबिल आणि सोसायटीची पावती कोणाच्या नावावर आहे ते तपासा.

शिवडी_नाका
आधी पैसे मागणाऱ्यांना सरळ नाही म्हणा. ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुमच्याच खात्यात येतील’ ही ठरलेली फसवणूक आहे. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोणी फसलंच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

आजीची_नात
फ्लॅट मिळेपर्यंतची सोय म्हणून दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, दोन्हीकडे विचारा. जागा लगेच मिळेलच असं नाही. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात आधी भेटा, कुठे जागा आहे आणि कुठे पत्र लागतं ते तिथे कळतं. काकूंना लवकर बरं वाटो.

मांजराकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आज हॉस्पिटलमध्ये फोन केला, रेडिएशन परळलाच आहे. पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी येतोय, तेव्हा भोईवाडा आणि शिवडीतली घरं बघतो. गॅसचं काय करावं? आमचा सिलिंडर लातूरच्या पत्त्यावर आहे.

भोईवाडा
महानगर गॅसची पाइपलाइन असलेलं घर मिळालं तर उत्तम. चावी घेताना गॅस आणि वीज दोन्ही मीटरचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा, म्हणजे आधीची थकबाकी तुमच्याकडे येणार नाही. पाइपलाइन नसेल तर इंडक्शन घेऊन या, तिघांच्या वरण-भाताला आणि खिमटीला ते पुरतं. फक्त स्वयंपाकघरात १६ अँपिअरचा सॉकेट आहे का, तेवढं बघून घ्या. येण्याचा दिवस ठरला की इथे लिहा, आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक घर रिकामं होणार आहे, मालकांशी बोलून ठेवते.