पत्रक गबाळं म्हणजे धंदाही गबाळा?

महालवाला: काल इथं आपल्या नागपूरच्या फोरमवर एकानं लिहिलं, 'ज्याच्या फ्लेक्सवर चार फॉन्ट अन् गुलाबाची फुलं, त्याच्या दुकानात मी पाय ठेवत नाही.' वाचून डोकं फिरलं. अरे राजा, ते चार फॉन्ट दुकानदाराचे नसतात, प्रेसवर कॉम्प्युटरवर मजकूर लावणारा डीटीपीवाला पोरगा मागं लाईन लागली म्हणून जे हाती लागलं ते टाकून मोकळा होते. माझ्या मामाचं कुलर दुरुस्तीचं दुकान आहे, पत्रक असंच गिचमिड. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की लोकं रात्री फोन करतात, तेव्हा कोण फॉन्ट पाहते?

धरमपेठची ताई: मामांना अख्खी वस्ती ओळखते हो, नवीन माणसाला कोण ओळखते? आम्ही मैत्रिणी फराळाचं करतो. साध्या पिशवीला पिन मारून द्यायचो तेव्हा प्रत्येक जण भाव पाडायचा. मग नीट लेबल केलं, वजन, तारीख, एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थाच्या सरकारी परवान्याचा, 14 आकडी नंबर. चिवडा तोच, पण घासाघीस बंद, लग्नाच्या ऑर्डरी सुरू.

महालवाला: तारीख अन् नंबर टाकणं कायद्याचं काम आहे, त्याला मार्केटिंग नाही म्हणत.

धरमपेठची ताई: गिऱ्हाईकाला दोन्ही एकाच कागदावर दिसते ना भाऊ!

इतवारीकर: फ्लेक्सचं निघालंच तं ते 'अस्सल सावजी'चं बोला आधी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण ते, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल भाजून वाटावं लागते. इथं जो उठला तो लाल तर्री ओतते अन् बोर्ड लावते. बाहेरगावच्या माणसाला वाटते सावजी म्हणजे नुसतं तिखट, जीभ भाजून घेते अन् आपल्या जेवणाला नावं ठेवते.

सदरवाला: म्हणजे आता जात पाहून हॉटेल काढायचं का?

इतवारीकर: जात काहून काढली मधात? विका ना, कोण नाही म्हणते! 'अस्सल' लिहू नका, एवढंच म्हणून राह्यलो. माझी आजी पाट्यावर मसाला वाटायची, तो वास मला माहीत आहे.

सदरवाला: आजीच्या वासावर कायदा चालत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, करा तक्रार. पण 'अस्सल' मोजणार कोण? नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये जीआय, म्हणजे त्याच भागातलं असल्याचं सरकारी मानांकन, मिळालं, तरी गाड्यावरचं कोणतंही संत्रं नागपुरीच असते.

इतवारीकर: म्हणून खोटं लिहायचं? कमाल करता राव तुम्ही.

महालवाला: धागा कुठं नेला बाप्पा तुम्ही! ताईंचं एवढं घेतो मान्य, अनोळखी माणसाला आधी कागदच दिसते. पण फॉन्टवरून कारागिराची लायकी काढणं मला पटणार नाही, कधीच नाही.

धरमपेठची ताई: फॉन्ट राहू द्या. पत्रकावर कुलरची खस बदलायचा भाव छापायला सांगा मामांना. मेकॅनिक घरी बोलवायचा म्हटलं की लोकांना भीती तीच असते, आला की किती सांगेल.

महालवाला: भाव छापला तं बाजूचा दुकानदार त्याहून कमी छापेल. तरी विचारतो मामाला.