बीएस्सी केमिस्ट्री झालं, दोन वर्षं पेठेत गेली, आता पुढे काय करू?

शिरूरची_मुलगी

नमस्कार, बरेच महिने इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

२०२३ ला बीएस्सी केमिस्ट्री झालं पुण्यातून, ७१ टक्के. रूमवरच्या तिघीही एमपीएससी करणार होत्या म्हणून मीपण त्यांच्याबरोबर सदाशिव पेठेत राहिले. खरं सांगायचं तर तेव्हा मी काही ठरवलंच नव्हतं, कोणी विचारलं की "एमपीएससी करतेय" म्हणता यायचं आणि पुढचे प्रश्न थांबायचे. कॉट बेसिसचे ३५००, अभ्यासिकेचे १२००, मेसचे ३०००, म्हणजे महिन्याला ७७०० घरून येतात आणि ते कुठून येतात ते मला माहितीये, कांद्याला भाव नसला तरी दादांनी (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) एकदाही उशीर केला नाही. प्री, म्हणजे पूर्वपरीक्षा, दोनदा दिली, पहिल्यांदा लांबच राहिले, दुसऱ्यांदा साडेचार मार्कांनी गेली. आता राज्यसेवा वर्णनात्मक झालीये, मेन्स १७५० मार्कांची आणि मुलाखत २७५ ची, म्हणजे लिहायची सवय पहिल्यापासून करायची. मैत्रिणी म्हणतात साडेचार मार्क म्हणजे काहीच नाही, अजून एक अटेम्प्ट दे. आई म्हणते एक स्थळ आलंय बघून तरी घे. कॉलेजमधला एक मित्र म्हणतो सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर, हिंजवडीत आयटी कंपनीत लागशील.

मला कळतच नाहीये की मला काय येतं. कॉलेजमध्ये आवडायचं ते फक्त प्रॅक्टिकल. तिसऱ्या वर्षाला पाण्याचा हार्डनेस, म्हणजे जडपणा, काढायचा होता तर मी आमच्या बोअरचं पाणी बाटलीत घेऊन गेले होते, लिटरला ६८० मिलिग्रॅम आलं, सर म्हणाले परत कर, परत केलं तरी ६८०. घरी पातेल्याला पांढरा थर का बसतो ते त्या दिवशी कळलं. पण त्याचा नोकरीशी काय संबंध.

वय २३. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, रात्री झोप लागत नाही.

कर्वेनगर_८८

एमएससी कर. जॅम (आयआयटीवाल्यांची एमएससीची प्रवेश परीक्षा) दे नाहीतर विद्यापीठाची एंट्रन्स दे. नुसत्या बीएस्सीला पुण्यात किंमत नाही.

जुनी_अभ्यासिका

ताई, मी ६ वर्षं होतो पेठेत, २०१४ ते २०२०. म्हणून लिहितोय, नाहीतर कोणाला सल्ला द्यायला मला आवडत नाही.

परीक्षा वाईट नाही. माझ्या रूमवरचे दोघं आज अधिकारी आहेत आणि त्यांनी माझ्यापेक्षा जास्त मेहनत घेतली होती हे मी कोणासमोरही सांगेन. माझं चुकलं ते एकच, मी थांबायची तारीख कधी ठरवलीच नाही. खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत वय चालतं, त्यामुळे दरवर्षी वाटायचं अजून वेळ आहे. आणि अभ्यासिकेत कसं होतं माहितीये का, तुझी एक खुर्ची ठरलेली असते, लॉकर ठरलेला, साडेचारला चहाला जायचा ग्रुप ठरलेला, सकाळी ७ ला जाऊन बसलं की आपण काहीतरी करतोय असं वाटतं आणि संध्याकाळ होते. मी शेवटचं एक वर्ष नुसता बसत होतो. पुस्तकाचं पान उलटायचं आणि मागचं काय वाचलं ते आठवायचं नाही. हे मी घरी सांगितलं नाही, मित्रांनाही नाही, कारण सगळे तेच करत होते.

सोडलं तेव्हा पुस्तकं अप्पा बळवंत चौकात विकायला नेली, जुन्या आवृत्त्या कोणी घेतल्या नाहीत, रद्दीत गेली. आता एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे, काम आवडतं, लोकांशी बोलावं लागतं. पण तिशीत पहिला पगार घेतला आणि तोपर्यंत वडील रिटायर झाले होते, ते मला अजून लागतं.

तुला सोड म्हणणार नाही. दुसऱ्यांदा साडेचार मार्कांनी गेली म्हणजे तुला जमतंय. पण तारीख ठरव, वहीत लिहू नकोस, वडिलांना फोन करून सांग की या महिन्यापर्यंत, नंतर नाही. आणि तोपर्यंत घरचे पैसे निम्मे तरी कमी होतील असं काहीतरी बघ. ८ तास काम करून गट ब, गट क काढलेली मुलं मी स्वतः पाहिलीत, अभ्यास कमी होतो पण डोकं ठिकाणावर राहतं.

क्यूसी_कुरकुंभ

मी मुद्दाम लॉगिन करून लिहितेय कारण तू त्या ६८० बद्दल जे लिहिलंस ते सगळ्यांनी सोडून दिलं.

अगं त्याचाच नोकरीशी संबंध आहे! मी ९ वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, आमच्याकडे ट्रेनी येतात, एमएससी झालेले पण येतात, आणि अर्ध्यांना एंड पॉइंट, म्हणजे रंग बदलतो तो नेमका थेंब, धरता येत नाही. हार्डनेस काढताना वाइन रेडचा निळा होतो तो एका थेंबात होतो, हात घाईचा असेल तर पुढे जातो आणि मग आकडा जुळवून लिहितात. तू परत करून परत तोच आकडा आणलास, सर म्हणाले तरी बदलला नाहीस. ६८० म्हणजे पिण्याच्या पाण्याला २०० योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं भारतीय मानक सांगतं, त्याच्याही वर. कुठलीही लॅब अशीच माणसं शोधत असते.

आता काम कसं असतं ते पण खरं खरं सांगते, नाहीतर म्हणशील ताईने गोड गोड सांगितलं. मी हडपसरवरून कंपनीच्या बसने जाते, जायला दीड तास. पहिलं वर्ष बाटल्या धुणं, सोल्युशन बनवणं, लेबल लावणं, बफरच्या अमोनियाने डोळे चुरचुरणं हेच. नंतर एचपीएलसी वर बसवतात, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, त्यातून वाहणारं द्रावण (मोबाइल फेज) गाळायचं, हवा काढायची, स्क्रीनवरची बेसलाइन सरळ होईपर्यंत थांबायचं, घाई केलीस तर सगळा रन परत. आणि लिहिणं खूप. चुकलं तर व्हाइटनर चालत नाही, एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख, खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. काहींना हे जाचक वाटतं आणि ते सहा महिन्यांत सोडतात. मला आवडतं, माझ्या सहीवर बॅच बाहेर जाते आणि ते औषध कोणाच्या तरी पोटात जाणार असतं.

पगार सुरुवातीला कमीच, माझा पहिला ९५०० होता, पाच वर्षांनी बरा झाला. माझ्या पहिल्या ठिकाणी वर्षभर एचपीएलसी ला हात लावू दिला नाही, नुसतं रेकॉर्ड भरायला बसवलं, म्हणून इंटरव्ह्यूला तूच विचार की कुठल्या मशीनवर शिकवणार आणि कधी. रात्रपाळीत बायकांना ने-आण करणार का तेही विचार, लाजू नकोस.

एकदम नोकरी नको वाटत असेल तर अप्रेंटिसशिप बघ. एनएटीएस, म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवता येतं, आता इंजिनिअरच नाही तर बीएस्सी, बीकॉम, बीए वाल्यांनाही घेतात. वर्षभर काम, स्टायपेंड मिळतो, त्यातला काही वाटा सरकार भरतं, शेवटी सर्टिफिकेट. तुझं मेसचं आणि कॉटचं तरी सुटेल. रांजणगावच्या एमआयडीसीतही बघ, तुझ्या तालुक्यातच आहे, घरून जाता येईल.

आणि फक्त औषधं नाहीत. पाणी तपासणाऱ्या लॅब आहेत, अन्न तपासणाऱ्या आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्य कार्यालय पुण्यातच शिवाजीनगरला आहे आणि त्यांच्या जिल्ह्याजिल्ह्यांत पाण्याच्या प्रयोगशाळा आहेत. तुला सरकारी नोकरीच हवी असेल तर जिथे तुझं केमिस्ट्री लागतं अशा जाहिराती पण बघ, फक्त राज्यसेवाच का.

पौडफाटा

वरच्या ताईंशी सहमत, फक्त टेस्टिंगच्या कोर्सबद्दल. फी भरायच्या आधी त्याच इन्स्टिट्यूटमधून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या चार जणांना स्वतः फोन कर, त्यांनी दिलेल्या नंबरवर नाही, तू शोधलेल्या. माझ्या भावाने ६० हजार भरले होते, 'प्लेसमेंट' म्हणून कॉल सेंटर दाखवलं.

शिरूरची_मुलगी

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री वाचलं आणि रडले, पण बरं वाटलं.

दादांना सकाळी फोन केला. जुनी_अभ्यासिका दादा, तुम्ही म्हणालात तसं तारीख सांगितली, पुढच्या वर्षीची कंबाइनची (गट ब, गट क ची) प्री, तेवढी शेवटची. मला वाटलं चिडतील. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले, "तू ते पाण्याचं काय केलं होतंस, ते लोक अजून विचारतात गावात." मी घरी एवढंच सांगितलं होतं की आपलं पाणी जड आहे, त्यांनी ते दोन वर्षं लक्षात ठेवलं होतं.

कर्वेनगर, एमएससीचं डोक्यात आहे पण आत्ता अजून दोन वर्षं घरून पैसे घ्यायची हिंमत नाही. एनएटीएस वर आज नाव नोंदवलं. स्थळाचं आईला सध्या नाही म्हणाले.

क्यूसी ताई, एक विचारू का, मला दोन वर्षांत ब्युरेटला हात लागलेला नाही, इंटरव्ह्यूला प्रॅक्टिकल घेतात का हो? हात थरथरला तर?

क्यूसी_कुरकुंभ

घेतात काही ठिकाणी, आणि सुरुवातीला सगळ्यांचाच थरथरतो. ब्युरेटचा स्टॉपकॉक (खालची तोटी) डाव्या हाताने, फ्लास्क उजव्या हाताने, हे आजपासून पेन आणि ग्लास घेऊन केलंस तरी चालेल.

माझी मैत्रीण पुण्यात एका छोट्या पाण्याच्या लॅबमध्ये आहे, तिला मी विचारलंय, शनिवारी दुपारी ये म्हणाली, तुला तिथे स्वतः करू देईल. व्यनि (खाजगी मेसेज) करते पत्ता. गावाला जाणार असशील तर येताना बोअरचं पाणी घेऊन ये. लिटरभराची स्वच्छ बाटली घे, बोअर आधी पाच-दहा मिनिटं चालू राहू दे, मग त्याच पाण्याने बाटली दोन-तीनदा विसळ आणि काठोकाठ भर, वर हवा राहू देऊ नकोस. झाकण लावलं की लगेच बाहेरून तारीख, वेळ आणि बोअर कोणाची ते लिही.