कुंथलगिरी : सोलापूर-बार्शीकरांचे अनुभव

कुंथलगिरी धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात असले, तरी सोलापूर-बार्शीच्या दिगंबर जैन घरांना ते आपलेच क्षेत्र वाटते. कुलभूषण व देशभूषण मुनींच्या या निर्वाणभूमीविषयी स्वतः पाहिलेले आणि घरात ऐकलेले येथे लिहावे. नुसते प्रवासवर्णन नको.

बाळीवेस, सोलापूर
आजीच्या लेखी कुंथलगिरी म्हणजे १९५५ साल. आचार्य शांतिसागर महाराजांनी १४ ऑगस्टला तेथे सल्लेखना (आहार क्रमाक्रमाने सोडून शांतपणे मृत्यू स्वीकारण्याचे जैन व्रत) घेतली आणि १८ सप्टेंबरला त्यांची समाधी झाली. क्षेत्र तेव्हा हैदराबाद राज्यात होते. आजी आणि तिच्या जावा कुर्डुवाडीला गाडी बदलून, बार्शी लाईट या अरुंद रुळांच्या रेल्वेच्या छोट्या डब्यांतून बार्शीला उतरल्या आणि पुढे मिळेल त्या वाहनाने गेल्या. महाराजांची दृष्टी अधू झाली होती, आणि पायाखालचा जीवच दिसत नसेल तर मुनीने चालायचे कसे व आहार नीट पाहून, तपासून घ्यायचा कसा, या प्रश्नातून तो निर्णय झाला होता, हे ती आवर्जून सांगे. ‘उपास करून गेले’ असे कोणी म्हटलेले तिला मुळीच खपत नसे. महाराजांच्या अखेरच्या मराठी उपदेशाचे ध्वनिमुद्रण आमच्याकडे भाद्रपद शुद्ध द्वितीयेला, म्हणजे त्यांच्या समाधीच्या तिथीला, अजूनही लावले जाते.

बार्शी
पाठशाळेत कुलभूषण-देशभूषण मुनींची कथा सांगताना एक भाग नेहमी घाईने उरकला जाई. गुरुकुलातून परतणाऱ्या या दोघा राजपुत्रांना गवाक्षात एक तरुणी दिसली, दोघांनाही तिचा मोह पडला, आणि तिच्यासाठी भावाचाच जीव घेण्याचा विचार मनात आला असतानाच ती आपली धाकटी बहीण कमलोत्सवा असल्याचे त्यांना कळले. त्या लाजेतूनच दोघांनी दीक्षा घेतली. पुढचा देवाचा उपसर्ग (तपात आणलेले संकट), राम-लक्ष्मणांनी केलेले त्याचे निवारण आणि मुनींना झालेले केवलज्ञान (संपूर्ण ज्ञान) हा भाग मात्र आम्हाला रंगवून सांगत. माझ्या मते कथेचा सगळा जोर त्या लाजेत आहे. ती गाळली तर टेकडीवरच्या चरणपादुकांपुढे अर्घ्य चढवताना मुलांच्या मनात काय उभे राहणार?

विजापूर रोड, सोलापूर
माझे लक्ष अभिषेकापूर्वीच्या तयारीकडेच अधिक जाते. सोवळ्यातील धोतर-दुपट्टा नेसलेले गृहस्थ दुहेरी जाड कापडातून पाणी गाळतात, मग ते गाळणे उलटे करून गाळलेल्याच पाण्याने धुतात, आणि त्यातील सूक्ष्म जीव जेथून आले तेथेच जावेत म्हणून ते धुणावळीचे पाणी परत विहिरीत सोडतात. पंचामृत अभिषेकानंतर गंधोदक, म्हणजे अभिषेकाचे पवित्र पाणी, कपाळाला लावण्यासाठी गर्दी होते. ही तयारी पाहायला सहसा कोणी थांबत नाही.

अक्कलकोट रोड, सोलापूर
एक व्यवहाराची गोष्ट. रात्रिभोजनत्याग, म्हणजे सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम, पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी जेवण होईल अशा बेताने निघावे. तिथले खव्याचे पेढेही सकाळीच घ्यावेत, कारण दिवस मावळल्यावर आमच्या काकू त्या पुड्याची गाठही सोडू देत नाहीत.